कमळाबाईंची चुंबळ

सहावा मणका

"घ्या की, आई. आज नामकरण आहे, आज तरी घ्या."

संघप्रियाने तीन महिन्यांची लेक पुढे केली आणि कमळाबाईंनी… दोन्ही हात पाठीमागे नेले! पूनम सागर सोसायटीतल्या त्या लहानशा घरात बुद्धवंदना नुकतीच संपली होती, पाहुण्यांच्या हातात खिरीच्या वाट्या होत्या. सगळ्या वाट्या जागच्या जागी थबकल्या.

"पाळणाघरात ठेव तिला. मला झेपायचं न्हाई."

"मुलगी आहे म्हणून ना?" सुनेचे डोळे भरून आले.

नाही गं पोरी, नाही… कमळाबाईंचं काळीज आक्रंदत होतं.

पाचवा

एका दुपारी नातीला, सान्वीला खांद्यावर घेऊन आजीने पंखा दाखवायला वर पाहिलं होतं… आणि पंख्याऐवजी घरच फिरलं! पाय लुळे पडले. पलंग होता म्हणून पोर वाचली. तेव्हापासून कमळाबाईंनी तिला उचललं नव्हतं. पाळण्यावरून जाताना हात पदरात गुंडाळून घ्यायच्या, न जाणो, आपसूक पुढे गेले तर!

खरं सांगितलं असतं तर संघप्रियाने पुढच्या महिन्यात सुरू होणारी शाळेतली नोकरी सोडली असती. चार वर्षं परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी! सोडून सासूच्या उशाशी बसली असती. होतीच ती तशी वेडी. त्यापेक्षा दुष्ट म्हणू दे मला, म्हणू दे…

चौथा, तिसरा, एका दमात

तेवढ्यात पाहुण्यांसमोरच बुद्धाच्या तसबिरीवरचा हार निसटला, कमळाबाईंनी चटकन वर पाहिलं, मान मागे गेली, आणि भिंती, पाहुणे, मुलगा जीवन, सगळंच गरगर गरगर… खाली पडणार तोच कुणीतरी कवेत घेतलं. एका हातात लेक, दुसऱ्या हातात सासू. संघप्रिया!

दुसरा

तपासण्या झाल्यावर शांती नगरच्या डॉक्टरांनी कागदावर मानेचे मणके काढून दाखवले. वयाने मणके झिजतात, कडेला हाडाचे काटे वाढतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन नळ्या सहाव्या मणक्यापासून भोकाभोकांतून वर चढतात. यांच्या त्या नळ्याही वयाने कडक आणि वाकड्या झाल्यात. मान मागे टाकली की एक दाबली जाते. मग चक्कर.

"आजी, डोक्यावर वजन उचललंय का कधी?"

कमळाबाई हसल्या. "डॉक्टर, ही तुमची बिल्डिंग हाय ना, हिचं अर्धं शिमिट माझ्या डोक्यावरून वर गेलंय."

बावीस वर्षं. घमेल्यामागून घमेलं. जीवनची फी, जीवनची वह्या-पुस्तकं, सगळं त्या मानेवरूनच चढलं होतं. संघप्रियाने तो कागद हातात घेतला, आणि शाई तिच्या आसवांनी फुटली.

"कधीपासून होतंय हे, आई?"

"पंख्याच्या दिवसापासून," त्या म्हणाल्या, आणि मग बांध फुटून त्यांनी सगळंच सांगितलं.

"मी तुम्हाला भरल्या घरात बोलले… आणि तुम्ही बोलू दिलंत?"

"तू नोकरी सोडली असतीस."

पहिला

घरी येताच संघप्रियाने सासूची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी होती ती, जुन्या लुगड्याची वळलेली चुंबळ, घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची, चपटी झालेली, कडेला अजून सिमेंट धरलेली. तिने ती धुतली, वाळवली, वर मऊ ओढणी गुंडाळली.

"नोकरी सोडत नाही मी. शेजारच्या हंसाबेन दिवसभर सोबतीला येणार आहेत, पोरीला उचलायचं-ठेवायचं त्या बघतील. आता भिंतीला टेका आणि मांडी घाला. डॉक्टरांनी वर बघायला मनाई केलीय, खाली बघायला नाही."

कमळाबाईंनी मांडी घातली. मांडीवर चुंबळ आली, आणि चुंबळीत सान्वीचं इवलंसं डोकं. बावीस वर्षांत एकही घमेलं न सांडलेले ते हात पदरातून सुटून पुढे आले…

आणि पोरगी आजीकडे वर पाहून हसली!