रिकामा फुगा

व्हायोलिन दुरुस्तीच्या त्या दुकानात ती शिरली ती निव्वळ हत्यारांची चित्रं काढायला. तिची चित्रकादंबरी पुरी होत आली होती – पंधरा वर्षांची एक मुलगी वडिलांचं व्हायोलिन घेऊन घरातून निघते आणि त्यांच्या अर्धवट राहिलेल्या धुनेचा शेवट शोधत डोंगरदऱ्या पालथ्या घालते. एकशे बारा पानं, दोन वर्षांची मेहनत. सहा दिवसांनी छपाई.

दुकानातल्या कारागिराने पानं चाळली. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

“ही मुलगी उलटं वाजवते.”

“म्हणजे?”

“व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरतात, गज उजव्या हातात. हिचं सगळंच उलटं... पहिल्या पानापासून.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. खांद्याला झाडू आणि हातात पट्टी घेऊन ती स्वतःच उभी राहायची, बहीण फोटो काढायची आणि त्यावरून चित्रं व्हायची. पट्टी अर्थातच डाव्या हातात. ती डावखुरी, यात काही चुकतंय असं दोघींच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“रडू नका, शाई पसरेल,” तो घाईघाईने म्हणाला. “मुलगी डावखुरी आहे म्हणा ना! सुरुवातीला एक पान वाढवा. कारागीर तिला व्हायोलिन उलटं करून देतो.”

“तारा उलट्या लावल्या की झालं?”

“एवढं सोपं असतं तर माझ्याकडे कोण आलं असतं? व्हायोलिनच्या पोटात चिकटवलेल्या लाकडी पट्टीपासून सगळं बदलावं लागतं. उद्या या, दाखवतो.”

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही. तो एक व्हायोलिन उघडून बसलेला असायचा आणि ती त्याच्या हातांची चित्रं काढायची. खरं सांगायचं तर हात पहिल्याच दिवशी जमले होते. पण ती जरा जास्त वेळ बघत राहिली की त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते बघायला तिला फार आवडायचं.

पाचव्या दिवशी पान तयार झालं. फक्त कारागिराच्या संवादाचा फुगा रिकामा होता.

“व्हायोलिन देताना कारागीर काय म्हणेल?” तिने विचारलं.

त्याने बराच वेळ फडक्याला हात पुसले. मग इतके दिवस उघडं असलेलं तेच व्हायोलिन, आता नीट जोडलेलं, तारा उलट्या लावलेलं, तिच्यापुढे धरलं.

“शिकायला वेळ लागेल... पण मी आहे.”

“छान! लिहिते.”

“नका लिहू.” कान लालबुंद. “ती मुलगी हुशार आहे, आपलं आपण शिकेल. हे – हे मी तुम्हाला म्हणतोय.”

पेन्सिल थांबली. तिचा जीव त्याच्यावर कधीचाच जडला होता. त्याच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं. तिने व्हायोलिन उजव्या खांद्यावर ठेवलं, डाव्या हाताने गज ओढला. भयंकर आवाज आला.

“किती वेळ लागेल?”

“हे ऐकल्यावर? जन्म जाईल.”

“चालेल,” ती म्हणाली.

फुगा रिकामाच छापला गेला. तो कारागीर काय म्हणाला, असं विचारणारी पत्रं तिला अजून येतात. ती कुणालाच सांगत नाही. आणि व्हायोलिन तिला अजूनही धड वाजवता येत नाही.