ब्रेकवर कोण होतं?

टेगन, बाळाला आधी आत निजवून ये. मग सांगतो. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही हं. लाइल माझ्याच गॅरेजात कामाला होता, त्यानंच मला सांगितली.

गेल्या सप्टेंबरातली, गावच्या शेतकी शोच्या आदल्या शुक्रवारची रात्र. लाइल दुपारी डबो शहरात जाऊन इंजिनाचे नवे प्लग घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी शोच्या मिरवणुकीत जुनी व्ही-एट गाडी काढायची, शेजारी बायकोला, मर्लला बसवायचं, एवढीच हौस.

गाडी मर्लच्या पहिल्या नवऱ्याची, रॉसची. रॉस वारला, मर्लनं लाइलशी लग्न केलं, पण गावाला ती गाडी रॉसचीच. पबमध्ये बिली म्हणायचा, "काय रे लाइल, रॉसच्या घरात टोपी अडकवायला आयती खुंटी मिळाली तुला, पण गाडी कुणाची?" लाइल वरवर हसायचा. आत जळायचा.

गाडी ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. प्लग बसवले, तरी गिअरमध्ये टाकली की थरथरायची, धापा टाकत बंद पडायची. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं होतं. ते लावायला माणसं दोन लागतात. एकानं गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून बसायचं. दुसऱ्यानं टायमिंगचा लुकलुकता दिवा धरून पुढं उभं राहायचं, म्हणजे गाडीच्या तोंडासमोरच.

"मर्ल, जरा ब्रेकवर बसतेस?"

ती ताटं पुसत होती. "नको रे."

"रॉससाठी बसायचीस की!"

"म्हणूनच नको."

लाइलनं दार आपटलं. "मेलेल्या माणसाचाच संसार चाललाय इथं!" आणि एकटाच शेडमध्ये गेला. ब्रेकचं पेडल आणि सीट यांच्यामध्ये फळी ठोकून अडकवली. हँडब्रेक ढिला आहे हे त्याला ठाऊक होतं. पण माणूस मत्सरानं पेटला की त्याला स्वतःचा जीवही दिसत नाही, पोरांनो.

गाडी गिअरमध्ये टाकून तो पुढं आला. पाठीशी कामाचं टेबल. समोर गाडी. दिवा लुकलुकायला लागला. त्यानं ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला. इंजिन चढलं. अजून थोडा...

आत फळी पडली. खट्ट.

गाडी पुढं आली. बंपर गुडघ्यांना लागला. मागं सरकायला जागा नाही.

आणि गाडी थांबली.

बंद नाही पडली. चालूच. गिअरमध्येच. थरथर नाही... धाप नाही... मांजर घुरघुरावं तशी.

लाइलनं दिवा वर धरला. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून आतलं दिसलं. उजेड... अंधार. उजेड...

स्टिअरिंगवर दोन हात.

"मर्ल?"

उत्तर आलं ते घरातून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. "लाइल, आता लागलं बघ बरोबर! अगदी तसंच! कुणाला बसवलंस रे ब्रेकवर?"



चाचपडत लाइलनं ठिणगीला वीज देणारी कॉइलची वायर उपटली. इंजिन बंद झालं. तो कसाबसा बाजूनं निघाला, दार उघडलं. आत कुणी नाही. फळी खाली पडलेली.

फक्त सीट मागं सरकलेली. अगदी शेवटपर्यंत.

रॉस सहा फुटांच्या वर होता. लाइल त्याच्या खांद्याला लागेल न लागेल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पहार घालून ती सीट ओढली. गंज नाही, काही अडकलेलं नाही, पण तसूभर हलली नाही.

अजून तशीच आहे. लाइल बसतो कधीकधी तिच्यावर. पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही.