चौतीस मीटरचा तळ

टेबलावर आठ वस्तू होत्या. नंबरच्या काचांचा मास्क एक. फिन्स दोन. हातमोजे दोन. शिट्टी एक. हुकासकट तुटलेली नारंगी दोरी एक. आणि मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर एक.

रोहिणी वाघने त्या पुन्हा मोजल्या. आठच.

"यातलं काही धुतलं नाहीस?"

"नाही ताई," मीना म्हणाली. "हात धजला नाही."

सिन्नरच्या एमआयडीसीतली ही छोटी प्रयोगशाळा कारखान्यांचे दाबमापक तपासून द्यायची. रोहिणी तिथे भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती. संघर्ष तिचा वर्गमित्र. मीना त्याची बायको. महिन्यापूर्वी कोकणच्या समुद्रातून स्कूबा करून परतताना कसारा घाटात संघर्षच्या पायांतली ताकद गेली. पहाटे नाशिकच्या रुग्णालयात तो गेला. रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे सापडले.

पाण्याखाली जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका नायट्रोजन अंगात मुरतो. वर येताना किंवा उंच चढताना दाब झपाट्याने कमी झाला, की त्याचेच बुडबुडे होतात. किती मुरला, वर कधी यायचं, हे मनगटावरचं यंत्र सांगतं.

"हे यंत्र मी निवडलं," मीना म्हणाली. "त्याला रंगीत पडद्याचं हवं होतं. त्याच्यासोबत डुबकीला जाणाऱ्या चंदरभाऊंसारखं. मी म्हटलं, ते दर वेळी चार्ज करावं लागतं आणि आकडे बारीक. तुझा चष्मा केवढा! साधं घे, सेलवरचं, मोठ्या आकड्यांचं. तो हसला. म्हणाला, बाईसाहेबांचा हुकूम."

"मग?"

"चंदरभाऊ सगळ्यांना सांगतात, स्वस्तातल्या यंत्रानं खोली चुकीची दाखवली. ताई, मला फक्त एवढंच सांग. त्याला मी मारलं का?"

रोहिणीने भिंग उचललं.

यंत्राच्या पट्ट्याला बारा भोकं होती. नवव्या भोकापाशी जुनी, खोल घडी. चौथ्यापाशी नवी, पुसटशी. मिठाचे कण फक्त चौथ्याच्या घडीत होते.

हातमोजे तिने उलटे केले. उजव्याच्या बोटांतून करडा, मऊ गाळ पडला.

"ही नारंगी दोरी संघर्षची?"

"नाही. आमच्याकडे नव्हतीच."

मग रोहिणीने यंत्राची नोंद उघडली. शेवटच्या रविवारी दोन डुबक्या. पहिली चोवीस मीटर, दुसरी साडेएकवीस. दोन्हींत वर येताना नीट थांबा घेतलेला. खोलीचा गजर वाजल्याची खूण नाही.

"गजर किती मीटरवर लावला होता?"

"तीस. त्याचं प्रमाणपत्र तिसापर्यंतचंच होतं. आम्ही दोघांनी बसून लावला. चहा निवून गेला तेव्हा."

"त्या दिवशी त्याचा फोन आला होता?"

"संध्याकाळी. दर वेळी तो शहापूरला मुक्काम करायचा. समुद्रातून निघून लगेच घाट चढायचा नाही, हा त्याचाच नियम. त्या दिवशी म्हणाला, आज थेट येतोय, चंदर म्हणतो हरकत नाही."

*

चंदर चारच्या सुमारास आला. नाशिक रोडला त्याचं टायरचं दुकान आणि डायव्हिंगचा क्लबही त्याचाच. दारातूनच म्हणाला, "जय भीम, वहिनी." मीनाने मान हलवली. तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची करकरली. रुंद मनगटावर रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर होता.

"मॅडम, वेळ कशाला घालवताय? ते खेळणं आहे. मी त्याला किती वेळा सांगितलं, संघ्या, जिवाची वस्तू आहे, वांगी घेतल्यासारखी घेऊ नको."

मीनाने खाली पाहिलं.

"दुसरी डुबकी किती खोल?" रोहिणीने विचारलं.

"एकवीस-बावीस. खडकाच्या उतारावर."

"तळाला गेलात?"

"छे! तळ चौतीसवर. होडीवाल्यानं आधीच सांगितलेलं. मी क्लबचा माणूस, मॅडम. तिसाच्या खाली कोणाला नेत नाही."

"दोघे पूर्ण वेळ सोबत?"

"हाताच्या अंतरावर."

"फोटो काढले असतील."

"पहिल्या डुबकीचे आहेत. दुसऱ्यात कॅमेरा बंद पडला."

"कॅमेरा मनगटाला दोरीने बांधता?"

"हो. सगळेच बांधतात."

"कोणत्या रंगाच्या?"

चंदरची नजर टेबलाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"तुमच्या हातातल्या यंत्राची त्या रविवारची नोंद दाखवाल?"

"घरी गेल्यावर पाठवतो."

"ते हातातच आहे, चंदरभाऊ," मीना म्हणाली.

पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला होता. चंदरने बटण दाबलं. पडदा उजळला. रविवार. एक डुबकी. चोवीस मीटर.

"दुसरी?" रोहिणीने विचारलं.

चंदरने पडद्यावर तळवा ठेवला.

*

"मी सांगते," रोहिणी म्हणाली. "चुकलं तर थांबवा.

"पहिल्या डुबकीनंतर तुमच्या यंत्राची बॅटरी संपली. चार्ज करून आणायचं राहिलं होतं. दुसरीला तुम्ही संघर्षचं यंत्र बांधलंत. त्याचं मनगट बारीक, तो नवव्या भोकात बांधायचा. तुमचं चौथ्यात बसतं. समुद्राचं शेवटचं मीठ चौथ्याच्या घडीत आहे. म्हणजे शेवटच्या डुबकीत हे यंत्र त्याच्या हातावर नव्हतं."

"सोबतच होतो," चंदर पुटपुटला. "एका यंत्रावर दोघे जातात कधीकधी. आपल्यात काय तुझं-माझं."

"डब्यात तुझं-माझं नसतं. रक्तात असतं. तुम्ही साडेएकवीसवर होतात. तो तळाला गेला. हातमोज्यात तळाचा गाळ आहे. ही दोरी तुमच्या कॅमेऱ्याची. ती तुटली, कॅमेरा खाली गेला. तो आणायला कोण गेलं?"

चंदरने दोन्ही तळवे तोंडावर घेतले.

"मी नको म्हटलं," तो बोटांआडून म्हणाला. "खुणेनं सांगितलं. तो गेलाच. वर आला तेव्हा हातात कॅमेरा. डोळे हसत होते मास्कमधून. माझा कॅमेरा, मॅडम. त्याच्या काय कामाचा होता?"

"तो किती खोल गेला, किती वेळ होता, याची मोजणी कुठेच झाली नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. आता शेवटचं." रोहिणीने यंत्र त्याच्यासमोर धरलं. "डुबकीनंतर यावर काट मारलेल्या विमानाची खूण येते. अंगातला नायट्रोजन जाईपर्यंत उंचावर जाऊ नका, असा तिचा अर्थ. नोंदीप्रमाणे ती सोमवारी दुपारपर्यंत राहणार होती. तीही तुमच्या डुबकीच्या हिशेबाने. मुंबईचा माणूस समुद्रातून निघून समुद्राकाठीच झोपतो. आपण सहाशे मीटर चढून घरी येतो. शहापूरला गाडीत यंत्र कोणाच्या हातावर होतं?"

"माझ्या."

"संघर्षने विचारलं?"

चंदरने मान हलवली.

"विचारलं. म्हणाला, विमान गेलं का रे? मी म्हटलं, गेलं." चंदर रडू लागला. "सकाळी दुकान उघडायचं होतं. वाटलं, विमानाची खूण आहे, आपण तर गाडीनं चाललोय. इगतपुरीच्या आधी तो म्हणाला, चंदर, पाय कुठेत माझे? मला वाटलं, मस्करी करतोय."

"आणि नंतर यंत्र त्याच्या बॅगेत ठेवलंत."

"क्लब बंद पडला असता. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं."

मीना उभी राहिली. ती त्याच्या अगदी जवळ गेली. रोहिणीला वाटलं, आता ती हात उचलेल.

"पुण्यानुमोदनाला तुम्ही माझ्या सासूबाईंशेजारी बसला होतात," ती म्हणाली. "त्यांना म्हणालात, सुनेनं काटकसर केली. त्या तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत."

"वहिनी..."

"आधी त्यांना सांगा. मग पोलिसांना."

चंदर उठला. दाराशी त्याने मनगटावरचं यंत्र काढलं, कुठे ठेवावं ते कळेना, शेवटी खिशात टाकलं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला.

मीना टेबलाशी परतली. नवव्या भोकावरच्या घडीवर तिने अंगठा ठेवला.

"ताई, एक राहिलं. त्याच्या हातावर असतं, तर यानं खरं सांगितलं असतं?"

"तपासू या."

जाड काचेच्या भांड्यात पाणी भरलेलं होतं. रोहिणीने यंत्र आत सोडलं, झाकणाचे बोल्ट आवळले आणि पंप हळूहळू मारून दाब चढवायला सुरुवात केली. मीना काचेला कपाळ लावून बसली. मोठे आकडे चढत गेले. दहा. वीस.

तीस ओलांडताच गजर वाजू लागला. रोहिणी थांबली नाही. मग तिने झडप बंद केली, आधी प्रमाण दाबमापक वाचला, नंतर यंत्र.

दाबमापक: ३४.० मीटर. यंत्र: ३४.० मीटर.