मोहाखालची पंगत

नागपुरात पानं गळतात ती फाल्गुनात. पण शाळेच्या ऑफिसात कोणीतरी दूरदेशीचं वेळापत्रक उतरवून आणलं होतं, आणि त्यात पानगळीची सहल सप्टेंबरात बसवली होती. हिरव्यागार टेकडीवर वाळकी पानं कुठून आणायची, हे विचारायचंही दामिनीच्या अंगात त्राण नव्हतं. शिकवायला तिसरीचा वर्ग, घरी सासूबाई, नवरा हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करणारा. बाई दिवसभर नुसती भिंगरीसारखी फिरायची. शेवटी तिनं ठरवलं, पोरांना पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायला शिकवू. निसर्गही झाला आणि कलाही झाली.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर पोरं पांगली. पितृपक्ष चालू आहे हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. राहिलं असतं तर तिनं त्यांना मोठ्या झाडांखाली फिरकू दिलं नसतं. त्या दिवसांत लोक पित्तरांसाठी पानावर अन्न वाढून तिथं ठेवून जातात. पोरं काड्यांनी पानं टाचत होती, ती दगडावर जराशी टेकली. डोळा लागला असेल नसेल. उठून पाहते तर तिची लेक काजल, त्याच वर्गातली, मोहाच्या झाडाखाली मांडी घालून बसलेली. पुढ्यात पत्रावळ, आणि पोरगी बोटं चाटत होती.

"काय खाल्लं वं?"

"त्या आजीनं वाढलं. बस म्हणे."

आजूबाजूला कोणीच नव्हतं.

"परक्याचं काहून खाल्लं?"

"तूच म्हणते नं, वाढलेल्या पानाले नाही म्हणू नाही."

म्हणायची खरी. दामिनीनं बाटलीतल्या पाण्यानं तिचे हात धुतले आणि पोरांना बसमध्ये कोंबलं.

त्या संध्याकाळी काजल जेवली नाही. दुसऱ्या दिवशी डबा जसाच्या तसा परत आला. नंतर रोज तेच. आवडीची कोथिंबिरीची सांबारवडी, पाटवडी, सगळं करून झालं. ताटाकडे पाहायची आणि शांतपणे म्हणायची, "जेवली न मी."

दामिनी घाबरली. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी वजन केलं आणि हसले. पोरीचं वजन वाढलं होतं. गाल भरले होते, केसांना तकाकी आली होती. "बाहेरचं खात असेल, लक्ष ठेवा," ते म्हणाले.

तिनं लक्ष ठेवलं. वर्गात डोळ्यांसमोर, घरी डोळ्यांसमोर. कुठेच काही खात नव्हती. तरी दुपारी जवळ घेतलं की तिच्या तोंडाला ताज्या फोडणीचा वास यायचा, आणि उजव्या हाताची बोटं ओली असायची.

"तिथं, त्या मोहाखाली, जेवायला किती जण असतात गं?" एकदा दामिनीनं भीतभीत विचारलं.

"लंबी लाइन असते. कोणी बोलत नाही."

नवरा, धर्मेंद्र, पाळी संपवून घरी आला, नेहमीसारखे त्यानं हात पसरले. काजल आईच्या मागे सरकली.

"हे काका कोण आहेत?" तिनं विचारलं.

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला, आणि तो बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. लेक हातची चालली होती, खातीपिती, धडधाकट, आणि कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

सासूबाईंना, भागीरथाबाईंना, तिनं सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"सर्वपित्रीले ती पंगत उठते," त्या म्हणाल्या. "जेवणारे आपापल्या घरी जातात."

"आणि काजल?"

भागीरथाबाईंनी पुन्हा तांदळात बोटं घातली. "अमावस्या उद्याच आहे, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी दामिनीनं रजा टाकली. सकाळपासून तोंडात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. साधा वरणभात डब्यात भरला आणि भर दुपारी टेकडी चढली.

मोहाखाली गवत दबलेलं होतं. एकाशेजारी एक, बसायच्या जागांएवढं, पार उतारापर्यंत.

तिनं पत्रावळ मांडली. वरणभात वाढला.

"माझ्या लेकराले उठू द्या," ती म्हणाली. "लहान आहे. तिले समजलं नाही."

पान हललं नाही. कावळाही आला नाही.

सावली गार होती. ती त्या दबलेल्या गवतावर घटकाभर बसली.

उठली तेव्हा ऊन कललं होतं आणि पत्रावळ स्वच्छ होती. कुत्र्यानं खाल्लं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

घराच्या दारातच काजलचा आवाज आला. "आजी, अजून एक पोळी दे नं. बाबा, माझी भाजी नका घेऊ."

दामिनी चौकटीला धरून रडली. धर्मेंद्रही डोळे पुसत होता. काजल हपापल्यासारखी जेवत होती, भाजी हनुवटीवर सांडत होती, आणि असं सुखाचं दृश्य दामिनीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तुयंबी ताट वाढलं," भागीरथाबाई म्हणाल्या. "सकाळची उपाशी आहेस. बस."

ती बसली. पोळीचा तुकडा मोडला, आणि हात तिथंच राहिला. पोट तुडुंब भरलेलं होतं.

दाढेत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं म्हणून तिनं जीभ फिरवली. वेलदोड्याचा दाणा होता, खिरीत असतो तसा, दुधानं मऊ झालेला. घरात त्या दिवशी कोणी खीर केली नव्हती.