रिकाम्या पारड्याची नाडी

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात साहेबांनी तो पट्टा काउंटरवर असा टाकला, जणू मेलेली पाल शेपटीला धरून आणली होती.

"हे तुमचं यंत्र," ते म्हणाले. "मला नाडी नाही म्हणतंय."

दुकानदाराने पट्टा उचलून स्वतःच्या मनगटावर बांधला. खालचा हिरवा दिवा लुकलुकला आणि लगेच आकडा आला.

"ठणठणीत आहे की, काका. वयाने कातडी कोरडी होते ना, मग दिवा आत पोचत नाही. जरा पाण्याचा हात लावून घट्ट बांधत जा." मग त्याने साहेबांचा फोन घेतला आणि भराभर बोटं चालवली. "ब्लूटूथ चालू आहे. लोकेशन मात्र तुम्ही बंद केलंय. ते चालू लागतं."

"नाडी मोजायला मी कुठे आहे हे कशाला हवं?"

"ॲपला लागतं, काका."

"तराजू कधी गिऱ्हाइकाचा पत्ता विचारतो का?"

दुकानदार हसला आणि ॲप जे जे मागत होतं त्या सगळ्याला त्याने डोळे झाकून होकार दिला. हा मनुष्य मूर्ख आहे, असं साहेबांनी मनात नोंदवलं आणि ते बाहेर पडले.

साहेब म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. उभी हयात बाजारातले तराजू तपासण्यात गेली. खोटी वजनं, वाकवलेले काटे, पारड्याच्या बुडाशी चिकटवलेलं मेण, सगळं त्यांनी पाहिलं होतं, आणि माणूसजातीबद्दलचं त्यांचं मत तिथेच पक्कं झालं होतं. व्यापारी त्यांना पाठीमागे काटेसाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. खोट्या तराजूवर त्यांनी कधी मोहोर उठवली नाही. त्यापायी बदल्या सोसल्या आणि त्या बदल्यांबद्दल भेटेल त्याला ऐकवलं. बायको गेल्यावर ते तीन खोल्यांत एकटे राहू लागले, आणि खरं सांगायचं तर सुखाने राहू लागले.

मग न्हाणीघरात एकदा चक्कर आली. तेवढ्यावरून मुलीने अट घातली. "पट्टा तुमच्या हातावर, ॲप तुमच्या फोनवर आणि आकडे माझ्या फोनवर, बाबा. जमलं तर राहा एकटे. नाहीतर दिवसभराची बाई ठेवायची, किंवा सरळ आमच्याकडे यायचं." साहेबांना दोन्हीचा सारखाच तिटकारा होता. बाई म्हणजे दुसऱ्याच्या हातची झाडलोट आणि तिसऱ्याच्या घरच्या गप्पा. मुलगी राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे जावई होता. जावई जेवताना टीव्हीशी बोलत असे.

घरी येऊन त्यांनी मनगट ओलं केलं, साबणाने धुतलं, तेल चोळलं. पडद्यावर एकच ओळ येत राहिली, पट्टा नीट बांधा. शेवटी साहेबांमधला निरीक्षक जागा झाला. कुठलाही तराजू आधी रिकामा बघायचा, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. रिकाम्या पारड्याला काटा हलला तर पुढे तपासायचं काही उरत नाही. म्हणजे पट्टा आता अशा जागी बांधायला हवा होता, जिथे नाडी असणंच शक्य नाही.

खिडकीपाशी पाहुण्यांची खुर्ची होती. तिचा लाकडी हात साधारण मनगटाएवढाच जाड होता. तिच्यावर कुणी बसून बरीच वर्षं झाली होती, कारण येणाऱ्याचा पाणउतारा केल्याशिवाय साहेब त्याला उठू देत नसत. त्यांनी पट्टा खुर्चीच्या हाताला बांधला. हिरवा दिवा लुकलुकला. आकडा आला, तोही एखाद्या निरोगी माणसाला शोभावा असा.

साहेब खूश झाले. लाकडाला नाडी! मुलीला, जावयाला आणि त्या दुकानदाराला एकदमच तोंडावर पाडायचं म्हणून त्यांनी फोन उचलला, तोच तिचाच फोन आला.

"बाबा, लागलं ना एकदाचं! किती छान आहे हो नाडी. माझा जीव भांड्यात पडला. आता बाई नको, मी तिला तसं कळवते."

बाई टळली म्हणताच साहेबांनी लाकडाची गोष्ट गिळली. फोन ठेवल्यावर पडद्यावर ॲपचा प्रश्न उभा होता. या नोंदी तुमच्याच आहेत का? खाली हो आणि नाही. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, तिरकं हसले आणि हो दाबलं. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना असंच फसवायला हवं, पोटची पोर असली म्हणून काय झालं!

पट्टा तिथेच राहिला. रोज सकाळी ॲप सांगू लागलं, की साहेबांना शांत झोप लागली. काही दिवसांनी खुर्ची फिरायलाही जाऊन आली. साहेब फोन बघत पोट धरून हसले. मुलगी रोज कौतुक करायची. लहानपणी तिने कौतुकासाठी बापाकडे पाहिलं असेल, तेव्हा बाप तिच्या बेरजा तपासत असे. आता ती बापाचं कौतुक करत होती, तेही एका लाकडासाठी.

खुर्चीचं तोंड खिडकीकडे असायचं. एका सकाळी ते साहेबांच्या पलंगाकडे होतं. त्यांनी ते परत फिरवलं. दुसऱ्या सकाळीही पलंगाकडेच. जमिनीला उतार असणार म्हणून साहेबांनी गवंड्यांची असते तसली पाणसळ काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये उभा राहिला. त्यांनी ती उचलून फडक्यात गुंडाळली आणि त्या दिवशी जेवण स्वयंपाकघरात उभ्यानेच उरकलं.

याच सुमारास फोन त्यांचं बोट ओळखेनासा झाला. दाबलं, चोळलं, ओलं करून दाबलं, पडदा ढिम्म. कोरडी कातडी, दुसरं काय. वाण्याच्या दुकानात ते पुढे उभे असताना वाण्याने त्यांच्या मागच्या बाईला विचारलं, "काय देऊ?" साहेबांनी त्याला जन्मभराचं ऐकवलं. वाणी साखर बांधत राहिला. माजलेत सगळे, असं म्हणत साहेब तिथून निघाले.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, त्याच्या दाराशी माणसं तोलायचा काटा होता. नोकरीत असताना त्यावर साहेबांनीच मोहोर उठवली होती. का कोण जाणे, ते त्यावर चढले.

काटा शून्यावरच राहिला.

साहेबांनी एक पाय आपटला, मग दुसरा. काटा थरथरलासुद्धा नाही. "तुमचा काटा बिघडलाय," ते आत डोकावून म्हणाले. औषधवाल्याने मान वर केली नाही. तेवढ्यात एक पोरगी हातातली पिशवी सावरत काट्यावर चढली आणि तिचं वजन बिनचूक दाखवलं गेलं. ती उभी होती तिथून साहेब अजून उतरले नव्हते.

साहेब घाबरले. कुणाला घाबरायची सवय नसलेला माणूस जसा घाबरतो तसे, रागावून. भर दुपारी ते तडक घरी आले, दार लोटलं आणि खुर्चीच्या हातावरचा पट्टा ओढू लागले.

पट्टा निघेना. त्याच्याखाली लाकूड कोमट होतं.

फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव. साहेबांनी बोट ओढलं, पुन्हा ओढलं. उपयोग झाला नाही. मग वाजणं आपोआप थांबलं आणि मुलीचा आवाज खोलीत आला.

"हं, बोला बाबा."

"चिमे, ऐक, तू आत्ताच्या आत्ता ये," साहेब म्हणाले.

"खरंच?" ती म्हणाली, आणि थोडं थांबली. "नाही हो, रागावेन कशी? मला तुमचा आवाजच किती वेगळा वाटतोय."

"चिमे, हा मी आहे!"

ती ऐकत होती. साहेबांचं नव्हे. मधेच तिने नाक ओढलं.

"माफी कसली मागताय, बाबा? तुम्ही आयुष्यात कुणाची मागितली नाहीत आणि आता माझी... बरं. बरं, या. आजच या. खोली तयारच आहे."

साहेब ओरडले. ती त्यांच्या ओरडण्यावरून बोलत राहिली, चादरींबद्दल, उशीबद्दल.

फोन कट झाला.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. खुर्चीच्या हातावर पट्टा नव्हता. तिथे फक्त एक फिकट वळ होता.

बाहेरून कडी सरकली. कुलूप लागलं. जिन्यावरून पावलं खाली गेली, सावकाश, कठड्याला धरून उतरणाऱ्या वयस्क माणसाची.

साहेबांनी दार ओढलं. आतून त्यांनी कडी लावली नव्हती, तरी ते उघडलं नाही.

फोनवर नकाशा उघडला होता. त्यांच्या नावाचा ठिपका रस्त्याला लागला होता. तो मुख्य रस्त्यावर आला, पूल ओलांडला, शहराच्या दुसऱ्या टोकाकडे वळला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. बोट लावायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मुलीचे निरोप आले, एकामागोमाग.

बाबा पोचले. ह्यांच्याशी चक्क गप्पा मारतायत, टीव्हीसमोर बसून.

हा मैत्रिणीला पाठवायचा होता, चुकून तुमच्याच नंबरवर गेला की. असू दे.

तुमच्या गप्पा मोडत नाही बाबा, इथेच लिहिते. घर बंद करून किल्ली घेऊन आलात ते बरं केलंत. पेपर आणि दूध बंद करायला सांगितलंय. आता तिकडे कुणी फिरकायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाला जिना चढून आला. समोरच्या दारात पेपर टाकला आणि या दाराकडे न बघता खाली उतरला.

साहेब तेव्हा आतून दोन्ही हातांनी दार बडवत होते.