घाटावरची पंगत

नौदलातून निवृत्त झाल्यावर माझ्या मोठ्या भावाने, वैजनाथदादाने, मुंबईहून एक जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून आणली. श्रीरामपुरातल्या शेजाऱ्यांना हसू आवरेना; आमच्याकडे समुद्र कुठला? पण धरणाचा नाथसागर आहे, आणि त्याच्या काठाने जुनी गावं, घाट, देवळं आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवस होडीतून ती पाहत हिंडायचं त्याने ठरवलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

पहिले दोन दिवस फार सुरेख गेले. प्रवरासंगमला टोक्याच्या देवळांवरचं काळ्या दगडातलं कोरीवकाम मी पाण्यावरून पहिल्यांदाच पाहिलं. सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक पाकळी उठून दिसत होती. दादा सुकाणूवर बसलेला. गालावर झुळूक आली की न बोलता शिडाची दोरी सैल सोडायचा. वहिनी गेल्यापासून त्याला इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेवगावच्या बाजूला जाताना धुकं उतरलं. बघता बघता वारा पडला, शीड लोंबायला लागलं. दादाने वल्हं हातात घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुठूनतरी तांब्या-घागरींचा आवाज आला. पाठोपाठ गोवऱ्यांचा धूर, लसणाची फोडणी... आणि होडीचं नाक अलगद दगडाला टेकलं.

घाट होता. असा घाट मी आयुष्यात पाहिला नाही. पायऱ्यांचे सांधे इतके नेमके की त्यांत नखही शिरू नये. वर छोटं देऊळ, खांबाखांबावर उमललेली कमळं. पायरीवर एक म्हातारी दिवे घासत बसली होती.

"कुठनं आलात?" तिने वर न बघताच विचारलं.

"श्रीरामपूरहून, आजी. होडीनं," दादा म्हणाला.

"होडीनं..." तिचा हात थांबला. "पानी कुठवर आलंय?"

दादा हसला. "हे काय, पायरीपर्यंत."

"मग हाय येळ अजून," ती म्हणाली आणि पुन्हा घासू लागली. "आत पंगत बसलीय. जेवून घ्या."

दादा लगेच आत गेला. मी वही काढून खांबापाशी उभी राहिले. कमळाचा आकार नीट कळावा म्हणून पाकळीवरून बोट फिरवलं, तर बोटाला गार चिखल लागला. पाकळीच्या खोबणीत बारीक गोगलगाई होत्या. जिवंत. हळूहळू सरकत होत्या. मी वर पाहिलं. माझ्या डोक्याच्याही वर, पार छतापर्यंत, शिंपले चिकटलेले होते.

आतून कुजबुज ऐकू येत होती. "वाढा... त्यांना वाढा..."

"दादा," मी हाक मारली.

मी आत गेले. अंधारात दोन रांगा बसल्या होत्या. चेहरे दिसेनात, पत्रावळींवर हलणारे हात तेवढे दिसत होते. पांढरेफटक, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले. त्यांच्या मधोमध दादा मांडी घालून भात कालवत होता.

"बस ना, पंकजा," तो शांतपणे म्हणाला. "तुझी जागा ठेवलीय त्यांनी."

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. आम्हाला कुणी अडवलं नाही. म्हातारी फक्त एवढंच म्हणाली, "भरल्या पानावरनं उठवू नये, बाई..."

वल्हं मीच मारलं. थोड्या वेळाने ऊन पडलं. मागे वळून पाहिलं, तर नजर पोचेल तिथवर सपाट पाणी.

काठाला मच्छिंद्र नावाचा कोळी जाळं सोडवत बसला होता. त्याला मी घाटाबद्दल विचारलं.

"हाय की. खाली," तो म्हणाला. "धरान झालं तवा गाव उठलं. यंदा पानी लई हाय, कळस बी दिसत न्हाई."

"गाव उठलं तेव्हा सगळे बाहेर निघाले होते ना?"

त्याने जाळ्याची एक गाठ सोडवली, मग दुसरी. "म्हनत्यात तरी तसं," तो म्हणाला.

याला आता सात आठवडे झाले. त्या दिवसापासून दादाने घरात अन्नाचा कण घेतलेला नाही. भूकच नाही म्हणतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कुठे काही दोष नाही, उलट वजन तीन किलोने वाढलंय. चेहऱ्यावर तेज आलंय.

काल दुपारी मी भरीत-भाकरी घेऊन त्याच्याकडे गेले. दार उघडं होतं. तो एकटाच, ओले हात टॉवेलला पुसत उभा होता.

"आत्ताच झालं गं माझं," तो म्हणाला, आणि जरा ओशाळून हसला. "नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. फार आग्रह करतात ती माणसं..."