काठावरचे आठ ओरखडे

मी आजवर नवस पुष्कळ बोलले, ऋजुता. शार्दूलच्या दहावीला एकवीस संकष्ट्या, ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी सोळा सोमवार, तुमचं लग्न जुळावं म्हणून इथल्या, चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या देवळात तुळशीचा हार. सगळे फेडले. देवाने मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, म्हणून माझा स्वभाव असा, काहीही झालं तरी होईल ठीक म्हणणारा. पण एक नवस मी देवाला बोलले नाही. तो कोणाला बोलले, ते आज तुला सांगते.

समईत तेल घातलंय. तू चारदा गॅलरीत जाऊन आलीस, आता बस जरा. शार्दूलचा फोन लागत नाहीये हे मलाही कळतंय. सकाळी तो चेन्नईबाहेर कोवलमच्या किनाऱ्यावर गेला, विकायला काढलेल्या आपल्या जुन्या होडीवरचं नाव मशीनने घासून काढायला. गिऱ्हाईक म्हणालं म्हणे, त्या नावाची होडी तिथे कोणी पाण्यात घालणार नाही. मी तेव्हा देवळात होते. घरी असते तर उंबऱ्यात आडवी पडले असते.

तू या घरात आलीस त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे ह्यांनी, मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. जन्म देवगडचा, त्यामुळे पाण्याचं वेड. पेरुंगुडीच्या चौथ्या मजल्यावर बसून माणूस नुसता पंख्याकडे बघत असे. एक दिवस म्हणाले, कोवलमला एक जुनी होडी विकायला आहे, बघून येऊ. भाजी आणायला जावं तसे आम्ही बसने गेलो. मी डब्यात दहीभातही घेतला होता.

त्सुनामीला दीड वर्ष झालं होतं. मदत म्हणून वाटलेल्या फायबरच्या होड्या किनाऱ्यावर रांगेने पडलेल्या. त्यातलीच ही, निळी. मालकाचं नाव सुंदर. तिशीतला, हसरा, पांढरी स्वच्छ वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेला. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तमिळमध्ये तीन अक्षरं रंगवली होती. बसच्या पाट्या वाचून वाचून मला तेवढं वाचता येत होतं. कनका.

कोण ही, म्हणून मी विचारलं. त्याने सांगितलं की वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ लाटेत गेला, होडी वहिनीच्या नावावर मिळाली, पण ती आता माहेरी असते, कागदावर अंगठा दिलाय. हे सगळं सांगताना तो समुद्राकडे पाठ करून उभा होता. कोळी माणूस असा उभा राहत नाही, हे मला पुढे कळलं.

ह्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने होडी सगळीकडून वाजवून पाहिली. फायबर चांगला असेल तर आवाज टणक येतो, आत पाणी मुरलं असेल तर भद्द. सगळीकडे टणक आला. फक्त उजव्या काठाशी हे थांबले. तिथे हातभर जागेत लांबी, म्हणजे पुटी, भरून वरून घाईने रंग मारला होता. ह्यांनी पुन्हा वाजवलं. आतून उत्तर आल्यासारखा एक ठोका जास्तीचा आला.

मी म्हटलं, पोकळ असेल. हे म्हणाले, तेवढं दुरुस्त करू.

होडी घेतली. सुंदरच ती चालवणार असं ठरलं, त्याला इंजिन येत होतं. महिनाभर माडांखाली ताडपत्री बांधून ह्यांनी डागडुजी केली. मी डबा घेऊन जायची आणि तिथेच सावलीत जपाची माळ ओढत बसायची. बुडाला चिकटलेले शिंपले तासून काढले, फायबर जोडायच्या रेझिनच्या वासाने माझं डोकं धरायचं. शेजारी तुळसीअम्मा मासे विकायला बसे. सत्तरीची, दातांपेक्षा जीभ तिखट. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘‘तुम्ही मासे खात नाही, म्हणे. मग होडी कशाला, वास घ्यायला?’’ मी हसले. मग तिने होडीकडे पाहिलं आणि स्वतःचं हसू मिटलं.

उजव्या काठावरची लांबी ह्यांनी खरवडली, तेव्हा खाली ओरखडे निघाले. चार आणि चार. बाहेरच्या बाजूने सुरू होऊन काठावरून आत आलेले, शेवटी खोल गेलेले. हे म्हणाले, दोराचे वण आहेत. त्यांनी फायबरची मॅट बसवली, रेझिन ओतलं, घासून गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तर ओरखडे होते तिथे होते. आणि त्यांच्यात पाणी होतं. होडी वाळूवर, वर ताडपत्री, पंधरा दिवसांत पाऊस नाही, आणि आठही ओरखड्यांत पाणी काठोकाठ. वास रेझिनचा नव्हता. ओल्या केसांचा, त्यात माळलेल्या आणि कुजलेल्या मोगऱ्याचा.

ह्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते इंजिनाचं सामान आणायला गेले असताना मी एकटीच होडीजवळ होते. का केलं ते सांगता येणार नाही, मी बाहेरून दोन्ही हातांनी काठ धरला. माझी आठ बोटं त्या आठ रेघांत बरोबर बसली. बाईच्या हाताची रुंदी होती ती… आणि खालून, फायबरच्या पलीकडून, कोणीतरी माझ्या तळव्याला तळवा लावला. थंड. हलकेच. ओळख पटवून घेतात तसा.

मी ह्यांना सांगितलं नाही. माणूस किती दिवसांनी शीळ घालत होता.

आता माझी चूक ऐक. होडी पाण्यात घालायचा दिवस नारळी पौर्णिमेचा ठरला. सुंदर म्हणाला, जुनं नाव काढा, नवं घाला, आणि त्यानेच मशीन आणून ती तीन अक्षरं घासली. इतक्या जोराने की खालचा फायबर उघडा पडला. मला वाटलं, घरात नवी वस्तू येतेय, नुसतं रंगाने काय लिहायचं. लग्नात आपल्याकडे सुनेचं नाव ठेवतात तसं ठेवू. ताटात तांदूळ पसरले, हातातली अंगठी काढली आणि तिने लिहिलं, जान्हवी. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याने असंच लिहिलं होतं. माहेरी मी हेमलता. त्या दिवशी तांदळात शशिकला झाले आणि हेमलता कुठे गेली ते पुन्हा कोणी विचारलं नाही. तुलासुद्धा हे नाव आत्ताच कळतंय. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. रीतच ती. म्हणून मी प्रेमानेच लिहिलं ग.

हात जोडून डोळे मिटले. उघडले तर ताटात जान्हवी नव्हती. तमिळमधली तीन अक्षरं होती, अंगठीनेच कोरल्यासारखी बारीक.

सुंदर दहा हात लांब उभा होता. त्याने ताट पाहिलं, चेहरा राखेसारखा झाला. पुढे येऊन त्याने ते तांदूळ पाण्यात भिरकावले आणि ह्यांना म्हणाला, चला सार, भरती आहे. ह्यांनी काही पाहिलंच नव्हतं. ते नारळ हातात घेऊन लहान मुलासारखे होडीत चढले. सकाळचे नऊ वाजले होते. दुपारी बाराला परत यायचं होतं.

मी किनाऱ्यावर राहिले. तुळसीअम्मा येऊन शेजारी बसली. आज तिने टोपली आणली नव्हती. तिने बोलायला सुरुवात केली, आणि मग थांबली नाही. कनकाने अंगठा दिलाच नव्हता. सुंदर होडी विकायला निघाला तेव्हा ती तीन दिवस होडीत जाऊन बसली. नाव माझं आहे, म्हणायची, वाचता येतं का बघ. चौथ्या दिवशी तो गोड बोलला. म्हणाला, चल वहिनी, पाण्यावरूनच तुला माहेरी सोडतो. दोघं गेली. तो एकटा आला, वल्हं मोडलेलं होतं.

‘‘तुम्ही पाहिलंत?’’

‘‘लांबून दिसतं, अम्मा. ऐकू येत नाही.’’ ती वाळूत बोट फिरवत होती. ‘‘तिने काठ धरला होता. तो वल्ह्याने बोटांवर मारत होता. बराच वेळ मारत होता… ती सोडत नव्हती.’’

कोणाला सांगितलं नाहीत का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, किनारा सगळा त्याच्या भाऊबंदांचा, मी कोणाची. आणि मग म्हणाली, तेव्हापासून ती होडी एकदाही पाण्यात घातली नव्हती त्याने. आज घातली. तुमचा नवरा बरोबर आहे म्हणून धीर आला असेल.

बारा वाजले. होडी दूर काळ्या ठिपक्याएवढी दिसत होती, जागची हलत नव्हती. एक वाजला. दोन. वारा पडला होता, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. इतर होड्या आल्या, त्यांना जाऊन बघा म्हटलं तर कोणी तयार होईना. त्या ठिपक्याकडे ते बघतसुद्धा नव्हते. मला देवाचं एकही नाव आठवेना, ऋजुता. जन्मभर जप केला होता मी. नाव एकच आठवत होतं.

मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले. भर दुपारी पाणी बर्फासारखं होतं. तोच वास आला, ओल्या केसांचा. मी मोठ्याने बोलले, मराठीतच बोलले, दुसरं सुचलं नाही.

‘‘कनका, तुझं नाव मी पुसलं. ते परत लिहीन, माझ्या हाताने, दर वर्षी, मी आहे तोवर कोणाला पुसू देणार नाही. माझा माणूस मला दे… आणि जे तुझं आहे ते तू ठेव.’’

काय बोलले ते मला नीट ठाऊक होतं. एका माणसाचा जीव मी हातावर पाणी सोडून देऊन टाकला. पारायणं करणारी, मुंगीला साखर घालणारी बाई मी. आणि खरं सांगते, त्या क्षणी छातीत जे उसळलं ती भीती नव्हती. मला ती वल्ह्याखालची बोटं दिसत होती. मी तिला म्हणत होते, ठेव. सोडू नकोस.

होडी हलली. इंजिन बंद, वारा नाही, आणि ती सरळ, कोणीतरी दोरीने ओढत आणावी तशी किनाऱ्याला आली. हे पुढे नाळ धरून बसले होते. कपडे कोरडे. नारळ अजून मांडीवर. सुंदर नव्हता.

घरी आल्यावर दोन दिवसांनी हे एकदाच बोलले. इंजिन आपोआप बंद पडलं, सुंदर वाकून बघायला गेला आणि पडला. ‘‘काठाला धरून होता. मी हात दिला, मनगट धरलं मी… पण त्याची बोटं एकेक सुटत गेली. तो सोडत नव्हता, शशी. कोणीतरी सोडवत होतं. एक… मग दुसरं. घाई नव्हती काही.’’

सुंदर बुडाला असं पोलिसांत लिहिलं गेलं, देह मिळाला नाही. होडीच्या डाव्या काठावर आता रुंद पंजाचे ओरखडे होते. उजव्या काठावरचे मात्र ह्यांनी भरले ते भरलेच राहिले. मी त्याच आठवड्यात नाळेवर नाव लिहिलं, कनका. अक्षर वाकडं आलं, तुळसीअम्मा म्हणाली, चालेल, ती वाचेल. नंतर दर नारळी पौर्णिमेला नवा रंग दिला. होडी पुन्हा कोणी पाण्यात घातली नाही. ह्यांना जाऊन आठ महिने झाले, तेही अंथरुणावर, शांतपणे गेले. माझा नवस असा फळला. मी रोज दिवा लावताना सुंदरसाठीही हात जोडते, पण दिलगीर आहे असं मात्र देवाला सांगत नाही. खोटं कसं सांगू?

आणि आज शार्दूल ते नाव घासायला गेलाय. त्याला कोणी दोष देऊ नये, त्याला काही ठाऊक नाही. सांगायचं मीच टाळलं.

तू विचारत होतीस, दुपारी स्वयंपाकघरात मी ताट हातात धरून अशी का उभी होते. भाताचे तांदूळ निवडत होते मी. मागे वळून डाळीचा डबा काढला, एवढाच वेळ. परत पाहिलं तर तांदळात नाव लिहिलेलं होतं. या वेळी तमिळमध्ये नाही. स्वच्छ बाळबोध मराठीत, अंगठीच्या टोकाने लिहावं तसं. हेमलता.

चेन्नईत हे नाव जाणणारं एकच माणूस होतं, आणि ते आठ महिन्यांपूर्वी गेलं. कनकाला शब्द मी दिला होता, तो आज मोडला, म्हणून नाव माझं आलं.

ताट तिथे देवापुढे ठेवलंय, बघ. तांदूळ अजून ओले आहेत. चाखून बघू नकोस, खारट आहेत.

घाबरू नकोस. शार्दूल येईल. मला खात्री आहे, त्या दिवशी होती त्याहून जास्त. फक्त मी केलं तसं तू कर. मी ही चप्पल घातली, कोवलमची बस सव्वासातला आहे आणि रंगाचा डबा पिशवीत घेतलाय. मी दार ओढून घेतलं की समईसमोर हात जोड आणि कनकाचं नाव घेऊन म्हण, माझा माणूस मला दे, आणि जे तुझं आहे ते तू ठेव. मोठ्याने म्हण, बाळा. आणि म्हणताना माझा विचार मनात आणू नकोस.